निपाणीला व्यसनाचा धंदा ठाऊक आहे

एप्रिल उजाडला की निपाणीत ६ तारखेची आठवण निघते. १९८१ साली तंबाखूला भाव मागत शेतकरी नेते शरद जोशींबरोबर महामार्गावर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांवर त्या दिवशी गोळीबार झाला, माणसं मेली. याच सुमारास शाळांचे निकाल लागतात, सुट्टी पडते आणि बेळगावपासून निपाणीपर्यंत घराघरांतून ‘ठेव की तो मोबाइल’ हा एकच घोष सुरू होतो. तंबाखूच्या भावाचा आणि पोरांच्या मोबाइलचा काय संबंध, असं कुणी विचारील. आमच्या मते आहे, आणि तो या भागाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळायला हवा.

इथला माणूस व्यसनाकडे वखारीच्या दारातून बघत आला आहे. तंबाखू शेतात पिकते, वखारीत चाळली जाते, तिची प्रतवारी होते, बिडीत कडक किती नि सौम्य किती हे जाणकार ठरवतात. ओढणारा कुठल्या कुठे असतो, पण त्याला तासाभरात पुन्हा काडी ओढावीशी वाटावी यासाठी अनेकांचे हात आणि डोकी राबलेली असतात. व्यसन हा ओढणाऱ्याच्या मनाचा दुबळेपणा, एवढंच निपाणीतला शेतकरी, व्यापारी किंवा वखारीतली बाई कधी म्हणणार नाही. त्यामागची उलाढाल त्यांनी पाहिलेली आहे. मोबाइलचा विषय निघाला की मात्र हीच शहाणी माणसं सगळं खापर बारा वर्षांच्या पोरावर फोडून मोकळी होतात.

त्या पोराच्या समोर काय आहे ते पाहावं. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, नाटकाचा पडदा पडतो. रीलला शेवट नाही. बोट वर सरकवत राहा, मजकूर संपणारच नाही, ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं २००६ साली बसवली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. एक व्हिडिओ संपला की विचारायच्या आत दुसरा सुरू होतो. रोज यावं म्हणून खेळात रोजचं बक्षीस असतं, एक दिवस चुकला तर आधीची कमाई जाते. हे सगळं बेतणारी पगारी माणसं आहेत. त्यांच्यासमोर आपण पाचवीतल्या मुलाला उभं करतो आणि संयम पाळ म्हणतो.

या संयमाचा बांध पार फुटला तर काय होतं, ते बेळगावनं पाहिलेलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, राणी चन्नम्मांच्या माहेरी, काकतीत, पबजी या मोबाइल-खेळाच्या नादी लागलेल्या एका तरुणानं मोबाइलवरून रागावणाऱ्या वडिलांचा जीव घेतला. देशभर बातमी झाली. वर्षभरानं, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्रानं पबजीसह ११८ अॅपवर बंदी घातली, पण ती चिनी संबंध आणि सुरक्षेच्या कारणानं. पोरांसाठी नव्हे. काकतीची घटना आम्ही नाइलाजानं आठवतो, कारण अशा भयंकर प्रकरणाचा एक तोटा असतो: आपलं पोर काही तेवढं वाया गेलेलं नाही, असं म्हणून बाकीची घरं निश्चिंत होतात. खरी हानी बिनबोभाट होते. रात्री दोनपर्यंत जागलेला मुलगा सकाळी वर्गात पेंगतो. जेवताना ताटात काय आहे हे मुलीला कळत नाही. कॉलेजातला पोरगा पैशाच्या खेळात हरतो, मित्रांकडून उसने घेतो आणि घरी कळतं तेव्हा आईची पाटली गहाण पडलेली असते.

पालकांना झोडपणं सोपं आहे. निपाणीच्या एखाद्या गल्लीत दुपारी डोकावून बघा. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते. तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. मजुरी हजाराच्या हिशेबानं, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. शेजारी तीन वर्षांचं लेकरू, पानांच्या जुडीला टेकवलेला मोबाइल आणि त्यात नाचणारी रंगीत चित्रं. तिला मोबाइलचे धोके समजावायला कुणी गेलं तर ती ऐकून घेईल आणि विचारील, ‘मग याला धरतंय कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणारी अंगणवाडी किंवा पाळणाघर दुपारभर चालू नसेल, तर उपदेश आपल्यापाशी ठेवावा. त्यात कोविडच्या काळात शाळाच मोबाइलवर भरली, आणि गृहपाठ व्हॉट्सअॅपवर यायचा तो कित्येक ठिकाणी अजून येतोच. ज्या यंत्रावर अभ्यास त्याच यंत्रावर जुगार, अशी व्यवस्था पोरांनी केलेली नाही.

कायद्याचं म्हणाल तर तंबाखू निदान दाव्याला बांधलेली आहे. २००३ च्या कायद्यानं अठराच्या आतल्यांना विक्री बंद, शाळेपासून शंभर यार्डांत टपरी नको. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा. पाळतात किती हा वेगळा विषय, पण रेघ आखलेली आहे. ऑनलाइन खेळांवरची रेघ मात्र बरीच वर्षं पुसट राहिली. कर्नाटकानं २०२१ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं देशभरासाठी तशाच बंदीचा कायदा केला. ऑस्ट्रेलियानं तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांचं दारच बंद केलं. ते कितपत जमतं ते दिसेल, पण जबाबदारी त्यांनी कंपन्यांवर टाकली, पोरांवर नाही. आम्हाला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे गावांनी स्वतःचा मार्ग काढला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद. हे वारं सीमा ओलांडून इकडेही आलं. बेळगावच्या सुवर्णसौधाच्या पायथ्याशी असलेल्या हलगा गावात सात ते नऊ हाच प्रयोग सुरू झाला. स्वागतच आहे. मात्र भोंगा वाजल्यावर बापानं फोन उशाखाली सरकवला आणि पोरानं वही काढली, एवढ्यानं भागायचं नाही. बाप बाहेर कट्ट्यावर जाऊन स्टेटस बघत असेल तर पोराला तेही कळतं. शिवाय रिकाम्या दोन तासांत करायचं काय?

याची उत्तरं बेळगाव भागाजवळ इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहेत. परंपरेप्रमाणे वैशाखात शिवजयंती येईल; चित्ररथांच्या तालमी ऐन सुट्टीत गल्लोगल्ली रंगतात, आणि तिथं मावळा झालेल्या पोराच्या हातात भाला असतो, मोबाइल नसतो. दिवाळीत चिखलात कोपरापर्यंत हात घालून किल्ला रचणारी पोरं ती हीच. किल्ल्याचा बुरूज कसा असतो ते ती यूट्यूबवर बघतात. बघू देत की! कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत लोक वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात. पण ग्रंथदिंडी वर्षातून एकदा निघते आणि रील रोज रात्री येते.

ज्या घरात गोष्ट हाताबाहेर गेली आहे तिथं मात्र चित्ररथ पुरणार नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, याला जागतिक आरोग्य संघटना आजार म्हणते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत त्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे, धारवाडची मनोरुग्ण संस्था तर दोन तासांवर आहे. धारवाडचं नाव घेतलं की आपल्याकडे लोक अजून दबकतात, म्हणून आधी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी, मोफत क्रमांक फिरवावा.

बाकीच्या घरांसाठी ग्रामपंचायतींनी सुट्टीपुरतं एक करावं. पंचायतीच्या वाचनालयांना सरकारनं ‘अरिवु केंद्र’ हे नाव दिलं आहे. ती संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवावीत आणि तिथल्या कपाटात मराठी पुस्तकं किती आहेत ती सदस्यांनी स्वतः जाऊन मोजावीत. कमी भरली तर ज्या गावात संमेलनासाठी वर्गणी निघते त्या गावात दोन कपाटं पुस्तकंही निघतील. कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवायची, हे १ मेच्या आत ठरवा.