दलाली घेणाऱ्याचं नाव कागदावर कुठे आहे?



आपल्या पाड्यांवर एक नवा धंदा आला आहे. याला नांगर लागत नाही, बैल लागत नाही. पाऊस पडो न पडो, पीक येतंच. शहरातल्या शेटची गाडी येते. आपलाच एखादा पोरगा पुढे बसतो आणि बोट दाखवतो: ती नदीकाठची त्या म्हाताऱ्याची, ही रस्त्याकडेची त्या म्हातारीची, तिला पैशांची नड आहे. सौदा ठरला की त्या बोटाचे पैसे मिळतात. त्याला म्हणतात कमिशन.

हे पैसे शेट आपल्या घरचे देतो असं समजू नका. समजा, त्याने गुंठ्याला ५० हजार काढले. मोठ्या एजंटाने १५ ठेवले, मधल्याने १०, पाड्यावरच्या पोराला २. म्हातारीच्या हातात उरले २३. म्हणजे तिची जमीन काढायची मजुरी तिच्याच जमिनीतून गेली!

काही जण म्हणतात, "पोरांना काम नाही. चार पैसे मिळाले तर काय बिघडलं?"

बिघडलं ते असं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरळ विकताच येत नाही. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ आहे. विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, सगळ्याला कलेक्टरची मंजुरी लागते. विक्रीला तर आधी सरकारची मान्यताही लागते. वनहक्काचा पट्टा २००६ च्या कायद्याप्रमाणे कुणालाच विकता येत नाही, तो फक्त वारसांकडे जातो. मग एजंट काय करतो? ९९ वर्षांचा करार करतो, मुखत्यारपत्र करून घेतो, नाहीतर दुसऱ्याच आदिवासीच्या नावावर खरेदी आणि ताबा शेटचा. कमिशन मिळतं ते ही पळवाट जुळवून देण्याचं.

शहरात काय आहे बघा. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी सक्तीची आहे. बिगरनोंदणीने धंदा केला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. शहरात घेणाऱ्याच्या पैशाला अशी राखण आहे. आणि त्या प्लॉटासाठी पाड्यावर येऊन आपली जमीन काढणारा? त्याला ना नोंदणी, ना दंड. कागदावर शेटचं नाव, म्हातारीचा अंगठा, साक्षीदारांच्या सह्या. कमिशन खाणाऱ्याचं नाव कुठेच नाही. भानगड झाली की तो मोकळा, आणि कोर्टाची पायरी म्हातारीला.

पोरगा आपला आहे. त्याला वाळीत टाकायचं नाही. पण ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारायचं: किती घेतले? कुणाकडून? कुणाच्या जमिनीवर? खरं सांगेल तो उद्या आपला साक्षीदार होईल.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन बाहेर जाण्यापासून रोखण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळवण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरा. येत्या ग्रामसभेत ठराव करा:

१. जमिनीच्या सौद्यात कुणीही कमिशन देणार नाही, घेणार नाही.
२. ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही.
३. बेकायदा गेलेल्या जमिनींची यादी करून कलेक्टरकडे अर्ज करायचा.

आणि गाडी पुन्हा आली तर बोट जमिनीकडे नको. पुढे बसलेल्याकडे करा, आणि विचारा: तुझं नाव कागदावर कुठे आहे?

जिंदाबाद!