दादरचा एक नंबर आता एकच

बेळगावातून मुंबईला निघालेल्या माणसाला दादर नवीन नाही. चालुक्य असो वा शरावती, या गाड्यांची मुंबईकडची धाव दादरलाच संपते. मिरज ते लोंडा मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्याआधी आपल्याला मिरजेला छोटी गाडी सोडून मोठ्या गाडीत बसावं लागे. हमाल, ट्रंका, पाण्याचा तांब्या घेऊन मिरजेचे फलाट बदललेली मंडळी आजही घरोघरी आहेत. आता ती अदलाबदल मिरजेला होत नाही, दादरला होते. तिथे लोकल पकडायची असते.

ही लोकल नेमकी कोणत्या फलाटावर येते, हा प्रश्न दादरला वर्षानुवर्षं अवघड होता. कारण दादर म्हणजे एक स्टेशन नव्हे, शेजारी शेजारी उभी असलेली दोन स्टेशनं. बोरीबंदरहून ठाण्याला 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी धावली, ती जीआयपी कंपनीची. तिचा रूळ दादरवरून गेला. दुसऱ्या बाजूने बीबीसीआय कंपनीचा रूळ आला. 1867 साली विरारहून मुंबईत रोजची गाडी सुरू झाली, सकाळी येणारी आणि संध्याकाळी परतणारी. तिच्या मोजक्या थांब्यांत दादर होतं. दोन कंपन्या, दोन मालक, त्यामुळे फलाटांचा हिशेबही दोन.

गाव वाढलं ते नंतर. 1896 च्या प्लेगने दाटीवाटीची मुंबई हादरली. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा भागात रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आखल्या गेल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच आखणीतली नावं. पुढे विजेच्या गाड्या आल्या, 1925 साली जीआयपीवर आणि 1928 साली बीबीसीआयवर. मग दादरला राहून फोर्टात नोकरी करणं सोपं झालं. 5 नोव्हेंबर 1951 रोजी जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि बीबीसीआयची पश्चिम रेल्वे. दोन्ही सरकारच्याच. तरी दोघींचे फलाट एकपासूनच मोजले जात राहिले.

गंमत अशी, की लोकलचं तिकीट मात्र एकच. कल्याणला काढलेल्या तिकिटावर दादरला पूल ओलांडून अंधेरीला जाता येतं. तिकिटाला जे जमलं ते फलाटांना कितीतरी वर्षं जमलं नाही. ‘एक नंबरवर भेटू’ असं कुणी म्हटलं, की ‘सेंट्रलचा की वेस्टर्नचा?’ हे विचारावंच लागे. रोजचा मुंबईकर न विचारताही सांभाळून घेई. अडचण होती ती बाहेरून येणाऱ्याची.

अखेर 9 डिसेंबर 2023 पासून ही गुंतागुंत सुटली. पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले, आणि मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झाले. त्याच वर्षी मध्य रेल्वेचा जुना दोन नंबरचा फलाट काढून एक नंबर रुंद केला होता. तो रुंद फलाट म्हणजे आताचा 8. बाकीच्यांना तेव्हा जुन्या आकड्यात सहा मिळवून नवे आकडे दिले गेले. जुना तीन तो आता नऊ, जुना आठ तो आता चौदा.

एवढ्याशा आकड्यांचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. पण आपल्या घरांकडे बघा. घरात मराठी बोलणारी, पण कन्नड शाळेत शिकल्यामुळे मराठी पाटी अडखळत वाचणारी अज्जी असते. सून मराठी शाळेतली, तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. दादरच्या पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजीत; बेळगावच्या कन्नड, हिंदी, इंग्रजीत. या सगळ्यांना सारखा वाचता येतो तो आकडा. परक्या गावात म्हातारं माणूस त्याच आकड्याच्या भरवशावर जिना चढतं. तो आकडा दोन ठिकाणी सापडला, तर त्याने कुणाला विचारायचं? कुठल्या भाषेत विचारायचं?

दादरसारख्या गर्दीत माणूस थबकला तर मागचे पन्नास जण थबकतात. 29 सप्टेंबर 2017 रोजी जवळच्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. अरुंद पूल, पाऊस, गर्दी असं बरंच काही तिथे एकत्र आलं होतं. त्यानंतर पूल, सरकते जिने, लिफ्ट यांकडे अधिक लक्ष गेलं. या सोयींना पैसा लागतो, वर्षं लागतात. एका आकड्याचा एकच अर्थ ठेवायला मात्र दोन कार्यालयांचं एकमत पुरतं, आणि नेमकं तेच मिळायला इतका काळ गेला.

म्हणून या सुट्टीत घरातलं कुणी मुंबईला निघालं, तर दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, जुने आकडे पाठ असलेल्या काका-मामांच्या सांगण्यावर जाऊ नका, फलाटावरची पाटी बघा. दुसरी, न्यायला येणाऱ्याला ‘दादरला उतरतो’ एवढंच सांगू नका. फलाटाचा आकडा सांगा. आता तो सांगून उपयोग आहे.