लिहायला बसावं लागतं

‘लेखक घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो.’ साहित्यिक परिसंवादात हे वाक्य उच्चारलं की हमखास टाळ्या पडतात. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मी एका वाचनालयाच्या माडीवर नव्यानं कथा लिहिणाऱ्यांबरोबर बसतो. या एका वाक्याच्या धाकानं वही मिटून ठेवलेली माणसं मी तिथे पाहिली आहेत, म्हणूनच ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडतो. गोष्ट आतून यावी लागते. तंत्र शिकवलं की साचा येतो. रोज ठरवून लिहिलं की नुसत्या पाट्या टाकल्या जातात. दाखलेही तयार असतात. अण्णा भाऊ साठे कुठल्या वर्गात गेले होते? भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ झपाटल्यासारखी लिहून काढली, ती काय रोजचे शब्द मोजून?

अण्णा भाऊंचा दाखला सर्वांत जास्त दिला जातो आणि सर्वांत चुकीचा दिला जातो. शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही, हे खरं. पण त्यांनी तमाशाच्या फडात काम केलं, वग आणि पोवाडे रचले, १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, कामगारवस्त्यांत खेळ केले. कुठल्या वाक्याला समोरची माणसं पुढे सरकतात आणि कुठे चुळबुळ करतात, हे खेळागणिक डोळ्यांसमोर पाहणाऱ्या माणसाला अशिक्षित कसं म्हणायचं? ‘फकिरा’तल्या प्रसंगांची चढण फडावर कमावलेली आहे. ती उपजत होती म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या कष्टांवर पाणी ओतणं.

‘कोसला’ १९६३ ची. लिहिणारा तरुण पंचविशीतला होता, पण वाचनानं पोसलेला, भाषाशास्त्र शिकलेला, लघुनियतकालिकांच्या धामधुमीत वावरलेला. कादंबरी थोडक्या दिवसांत कागदावर उतरली असेल; तिची तयारी थोडक्या दिवसांत झालेली नव्हती. धान्य खळ्यावर एका दिवसात रास होऊन पडतं, म्हणून ते एका दिवसात पिकलं असं कुणी शेतकरी म्हणणार नाही.

साच्याच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये कथा-कादंबरीचं तंत्र मराठीत पद्धतशीर मांडलं. लेखन ही अभ्यासाची विद्या आहे, हे ठणकावून सांगणाऱ्या या माणसाचं ऋण मी मानतो. पण पुढे अनेकांनी फडक्यांची आवड हेच तंत्र समजून गुळगुळीत गोष्टींचा रतीब घातला. दोष तंत्राचा नव्हता, एका माणसाच्या उत्तरांना नियम मानण्याचा होता. तंत्र म्हणजे लेखकानं स्वतःच्या मजकुराला विचारायचे प्रश्न. गोष्ट कोण सांगतंय? त्याला हे कुठून कळलं? हे आत्ताच का सांगतोय?

आमच्याकडे एक मुलगी येते. आईवडील ऊसतोडीला जातात. तिच्या पहिल्या कथेत बाप मुकादमाकडून उचल घेऊन घरी येतो आणि आठ वर्षांची लेक ते पाहते. तिनं लिहिलं होतं, ‘बाप मनातून पार खचून गेला होता.’ मी एवढंच विचारलं, की हे त्या लेकीला कुणी सांगितलं? ती बराच वेळ गप्प बसली. तीन आठवड्यांनी सातवा खर्डा घेऊन आली. खचल्याचं वाक्य गेलं होतं. बाप नोटा मोजतो, ‘बरोबर हायेत’ म्हणतो आणि पुन्हा मोजायला लागतो. चुलीपुढची आई मागे न वळता म्हणते, ‘किती येळा मोजाल? वाढणार हायेत का त्या?’ खोलीत कुणी बोललं नाही. हा प्रसंग तिच्या आठवणीत होताच, तो मी दिलेला नाही. एका प्रश्नानं आणि सात खर्ड्यांनी तो बाहेर आला, एवढंच.

आता रोज लिहिण्याविषयी. हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत होते आणि १८९० पासून ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालवत होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली. अंकाची तारीख डोक्यावर असताना लिहिलेली तिची नायिका यमू आजही वाचणाऱ्याचा घसा दाटून आणते. मुदतीनं कला मरते म्हणणाऱ्यांनी ही कादंबरी पुन्हा उघडावी.

‘मराठीत लेखनावर पोट भरत नाही, मग कसली कारकीर्द?’ हा शेवटचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो खरा आहे. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या आणि दहा टक्के मानधन मिळालं, तर हाती येतात तीस हजार, तेही दोन-तीन वर्षांच्या कामाचे. यावर संसार चालत नाही. पण श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत होते आणि त्याच काळात ‘गारंबीचा बापू’ आणि ‘रथचक्र’ लिहीत होते. रत्नाकर मतकरींनी बँकेतली नोकरी सांभाळत वर्षानुवर्षं लिहिलं आणि मग १९७८ मध्ये ती सोडली. कारकीर्द म्हणजे पगार नव्हे, वर्षानुवर्षं टिकलेलं काम. नोकरी करणाऱ्याला तर ठरलेल्या वेळेचा आधार जास्तच लागतो, कारण स्फूर्तीची वाट पाहण्याइतकी फुरसत त्याच्याकडे नसते.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ज्याच्या घरात पुस्तकांची कपाटं होती, जेवताना कथेवर वाद व्हायचे, त्याला तंत्र नकळत मिळालं. शिकल्याचं आठवत नाही म्हणून तो त्याला देणगी म्हणतो. आणि घरातली पहिली वही ज्या पोरीची आहे, तिला हाच माणूस सांगतो की हे शिकून येत नसतं. हा अन्याय आहे.

पूर्वी यावर एक उतारा होता: श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धनांसारखे संपादक नवख्या लेखकाला कथा कुठे अडते ते पत्रानं कळवत, पुन्हा लिहायला लावत. आज कथा परत येते ती बहुधा एका छापील ओळीसह, किंवा येतच नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदा नाकारलेल्या कथांपैकी निदान दहा कथांवर, त्या कुठे अडखळल्या, हे दोन ओळींत हातानं लिहून पाठवा.