दुप्पट मायलेजचं अणुइंजिन अमेरिकेने का थांबवलं? उत्तर एका गेममध्ये सापडतं

गाडी घ्यायला गेलं की शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "रनिंग किती आहे?" रोज दहा किलोमीटर असेल तर पेट्रोल घ्या. महिन्याला दोन-अडीच हजार असेल तर डिझेलचा विचार करा. डिझेलचं मायलेज जास्त, पण गाडी महाग. रनिंगच नसेल तर ते जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत.

रॉकेटचंही असंच आहे. पण ‘अणुइंजिन आलं की मंगळ अर्ध्या वेळेत’ असं सांगणाऱ्या रील्समध्ये हा हिशोब कधी दिसत नाही. म्हणूनच २०२५ मध्ये अमेरिकेने ‘ड्रॅको’ हा अणुरॉकेटचा प्रकल्प गुंडाळला, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला. एवढं भारी इंजिन सोडलं का?

हा प्रश्न एका व्हिडिओ गेमच्या डेव्हलपर्सना दहा वर्षं आधीच सोडवावा लागला होता.

आधी समजून घेऊ, अणुइंजिन चालतं कसं?

यात स्फोट नसतो. अणुभट्टी हायड्रोजनला प्रचंड तापवते आणि तो वायू नळीतून जोरात बाहेर पडतो. इथे काही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन न्यावा लागत नाही. शिवाय हायड्रोजनचे रेणू सगळ्यात हलके, म्हणून ते जास्त वेगाने सुटतात.

रॉकेटचं मायलेज ‘स्पेसिफिक इम्पल्स’ने मोजतात, सेकंदांमध्ये. इस्रोच्या एलव्हीएम-३ मधलं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन साधारण ४४० सेकंद देतं. अणुइंजिन ८५० ते ९०० पर्यंत जाऊ शकतं. म्हणजे जवळपास दुप्पट.

मग गेममध्ये अडचण काय होती?

गेमचं नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’. मेक्सिको सिटीतल्या ‘स्क्वॉड’ने तो २०११ मध्ये लोकांपुढे आणला आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. यात तुम्ही स्वतः रॉकेट जोडता आणि कक्षेचं खरंखुरं गणित सांभाळत उडवता. त्यातल्या ‘नर्व्ह’ या अणुइंजिनाचं मायलेज आहे ८०० सेकंद. शेजारी ‘टेरियर’ हे साधं केमिकल इंजिन, ३४५ सेकंदांचं.

आता ८०० वालं इंजिन फुकटात दिलं तर बाकीची इंजिनं कोण वापरणार? ती फक्त शोभेला उरतील. म्हणून गेममध्ये ‘बॅलन्सिंग’ करतात. चांगल्या गोष्टीला तेवढीच किंमत चिकटवतात.

नर्व्हची किंमत अशी:

- वजन ३ टन. १.० च्या आधी ते २.२५ टन होतं, नंतर वाढवलं. टेरियर फक्त अर्धा टन.
- जोर दोघांचाही ६० किलोन्यूटन. म्हणजे सहापट वजन, पण ताकद तेवढीच.
- टेरियर गेममधल्या ३९० रुपड्यांना, तर नर्व्ह १०,००० ला.
- शिवाय नर्व्ह तापतं आणि जमिनीवरून उडायला जवळपास निरुपयोगी ठरतं.

आता रनिंग काढू

समजा, १ टन सामान घेऊन निघालेलं एकूण ६.२५ टनांचं छोटं यान आहे. गेममधल्या नेहमीच्या टाक्या धरल्या, तर टेरियर लावल्यावर यानाचा वेग एकूण साधारण ३,८०० मीटर प्रति सेकंदाने बदलता येतो. नर्व्ह लावलं तर फक्त ३,०००. मायलेज दुप्पटीहून जास्त, तरी नर्व्ह हरलं. कारण निम्मं वजन इंजिनानेच खाल्लं.

आता १० टन सामान आणि एकूण ४० टनांचं यान घ्या. टेरियर ३,६०० वर थांबतं, नर्व्ह ७,२०० पर्यंत जातं. इथे डिझेल वसूल.

पण त्यासाठी नर्व्ह सलग ५२ मिनिटं चालवावं लागतं. गेममधल्या ‘कर्बिन’ ग्रहाभोवती खालच्या कक्षेत एक फेरी साधारण अर्ध्या तासात होते. म्हणजे इंजिन बंद होईपर्यंत ग्रहाला दीड फेरीहून जास्त वेळ निघून जातो. दुसरं नर्व्ह लावलं की आणखी ३ टन वाढले. थोडक्यात, इंजिन चांगलं की वाईट हे सामान आणि अंतर सांगितल्याशिवाय ठरतच नाही.

गेमने काय लपवलं?

गेममधलं नर्व्ह हायड्रोजन वापरत नाही. तिथे साधं, दाट ‘लिक्विड फ्युएल’ चालतं. ही मोठी सूट आहे. २४ टन केरोसीनला साधारण ३० घनमीटर जागा लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन पाण्याचे टँकर. २४ टन द्रव हायड्रोजनला लागतात असे ३४ टँकर, तेही उणे २५३ अंशांवर थंड ठेवलेले. किरणोत्साराचा त्रासही गेममध्ये नाही.

आता खऱ्या जगात येऊ

अमेरिकेने हे इंजिन आधीच बनवलं होतं. ‘नर्व्हा’ प्रकल्पातलं इंजिन १९६९ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात जमिनीवर २८ वेळा सुरू करून पाहिलं. १९७३ मध्ये प्रकल्प बंद झाला. इंजिन चालत होतं, पण माणसांना मंगळावर नेण्याची योजनाच मागे पडली आणि पैसाही आटला. गाडी तयार, पण रनिंग शून्य.

ड्रॅकोची गोष्ट वेगळी. डार्पा आणि नासाचा हा प्रकल्प २०२७ पर्यंत अंतराळात चाचणी करणार होता. २०२३ मध्ये लॉकहीड मार्टिनला काम मिळालं. पण दरम्यान स्पेसएक्समुळे प्रक्षेपणाचा खर्च बराच खाली आला. डार्पाने प्रकल्प थांबवताना हेच महत्त्वाचं कारण दिलं. इंधन वर नेणंच स्वस्त झालं, तर ते वाचवणाऱ्या महागड्या इंजिनावर खर्च का करायचा? पेट्रोल स्वस्त झालं की डिझेल गाडीचं गणित बिघडतं, तसंच हे.

म्हणजे अणुइंजिन बाद?

सामानापुरतं पाहिलं तर सध्या तरी डार्पाचा हिशोब पटतो. पण मंगळाच्या एकतर्फी प्रवासाला माणसांना सहा ते नऊ महिने लागतात. तेवढा काळ शरीर वजनरहित अवस्थेत आणि अंतराळातल्या किरणोत्सारात राहतं. इंधन कितीही स्वस्त झालं तरी हे दिवस स्वस्त होत नाहीत. उद्या माणसांची मोहीम खरंच ठरली, तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल आणि तेव्हा उत्तर वेगळं येऊ शकतं.

तोवर ‘दुप्पट ताकदीचं इंजिन’ अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी शोरूमवाला प्रश्न विचारा. रनिंग किती आहे?