रात्रीं मुंग्या येणारा हात

घरांतील बायकांचें दुखणें सर्वांच्या शेवटीं लक्षांत येतें, हा अनुभव वाचकांस नवा नसेल. आमच्या थोरल्या वहिनी गतवर्षीं सहा महिने मध्यरात्रीं उठून उजवा हात झटकीत बसत. अंगठा व त्याच्या शेजारचीं बोटें मुंग्यांनीं भरून येत. हात झटकला कीं घटकाभर बरें वाटे. ‘कणीक फार मळली, दुसरें काय!’ असें स्वतःशीं म्हणून त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. पुढें सुईंत दोरा ओवतां येईना, एके दिवशीं दुधाचें पातेलें हातांतून निसटलें, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले.

या विकारास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तळहाताच्या बाजूस मनगटांत लहान हाडांची पन्हळ व तीवर ताणलेला चिवट अस्थिबंध यांमध्यें एक अरुंद बोगदा असतो. त्यांतून बोटें मिटविणाऱ्या नऊ कंडरा व मीडियन नांवाचा मज्जातंतु जातो. बोगद्यास पसरावयास जागा नाहीं. आंत सूज आली कीं हा मज्जातंतु चेपला जातो. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना त्याच्या स्वाधीन असते, करंगळीची नसते. म्हणून करंगळी सोडून बाकीच्या बोटांस मुंग्या येत असतील, तर संशय मनगटाचा घ्यावा. पुरुषांहून स्त्रियांत हा विकार अधिक. गरोदरपण, मधुमेह व थायरॉइडची मंदता यांत तो विशेष आढळतो.

वहिनींचे धाकटे चिरंजीव ‘शॉकवेव्ह’ उपचाराची जाहिरात घेऊन आले. नांव ऐकून घरांत घबराट उडाली. परंतु हा विजेचा झटका नव्हे. या दाबाच्या लहरी होत. १९८० सालीं म्यूनिक येथें अशाच लहरींनीं, शस्त्र न लावतां, माणसाच्या मूत्रपिंडांतील खडा प्रथम फोडण्यांत आला. पुढें सौम्य केलेल्या लहरी टांचेच्या व कोपराच्या जुनाट दुखण्यावर वापरूं लागले व मग मनगटाची पाळी आली. यंत्राचें टोंक मनगटावर टेकवून कांहीं मिनिटें ठोके देतात. बहुधा असें कांहीं आठवडे चालतें.

गुण येतो काय? २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोरियांतील एका लहान प्रयोगांत या लहरी व स्टेरॉइडचें इंजेक्शन यांची तुलना झाली. दोहोंनीं लक्षणें कमी झालीं. त्यानंतरचे प्रयोगही बहुतेक लहानच. कांहींत मनगटाच्या पट्ट्यास लहरींची जोड दिल्यानें अधिक आराम पडला, तर कांहींत पट्ट्याहून फारसें निराळें दिसलें नाहीं. तेव्हां सौम्य वा मध्यम विकारांत जोड-उपचार म्हणून त्यांस स्थान आहे, इतकेंच आम्ही म्हणूं. रात्रीं मनगट सरळ ठेवणारा पट्टा, जरूर तर इंजेक्शन, हे मार्ग आधींचे व परिचयाचे आहेत.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. बधिरता कायमची होऊं लागली, अथवा अंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल उंचवटा बसूं लागला, तर लहरींच्या मागें लागून दिवस घालवूं नयेत. फार काळ चेपलेला मज्जातंतु पुरता सुधारेलच असें नाहीं. डॉक्टरांनीं वहिनींचा हात पाहिला तेव्हां तो उंचवटा खोलगट झालेला होता. मज्जातंतूची परीक्षा करून, मनगट तेवढें बधिर करून, त्यांनीं अस्थिबंध कापून मोकळा केला. मुंग्या थांबल्या, झोंप परत आली. परंतु अंगठ्याची पूर्वींची पकड अद्याप आलेली नाहीं.

असो. सहा महिने त्या आमच्याच घरांत रात्रीं जागत होत्या व आम्हीं एकदांही विचारलें नाहीं, याची खंत आम्हांस वाटते. आमच्या वाचकांनीं आज जेवणें आटोपल्यावर घरांतील वडील स्त्रियांस रात्रीं झोंप कशी लागते, एवढें अवश्य विचारावें.