बाराशेचं बजेट

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि जरा अपराधी वाटतंय. का ते सांगतो.

गेल्या गणपतीत ताईकडे गेलो होतो. भाची नववीत, वय १४. ताट वाढताना मी सहज बोलून गेलो, "अगं, गालांचे मोदक झालेत की तुझ्या!" सगळे हसले. तीही हसली. मी विसरून गेलो, ती नाही विसरली.

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. पोरगी पीटीच्या तासाला चक्कर येऊन पडली होती आणि दोन महिने पाळीही आली नव्हती. (हे तिला विचारूनच लिहितोय.) खोदून विचारल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. मोबाईलवर कॅलरी मोजायचं ॲप, त्यात वय खोटंच १८ टाकलेलं, आणि रोजचं टार्गेट १२०० कॅलरी. सकाळी काळी कॉफी, डब्यातली पोळी-भाजी मैत्रिणींना, रात्री "भूक नाही".

"पण मामा, हिशोब तर बरोबर आहे ना? कमी खाल्लं की वजन कमी!"

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. हिशोब बरोबर असेल गं, पण इनपुटच चुकीचं आहे, त्याचं काय?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० सालचा तक्ता काढून तिच्यासमोर ठेवला. १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० कॅलरी लागतात, त्याच वयाच्या मुलाला २८६०. आणि बैठं काम करणाऱ्या मोठ्या बाईला? १६६०. म्हणजे ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आईपेक्षा लेकीला जास्त लागतं! सरासरीचे आकडे आहेत, थोडं इकडेतिकडे होणारच. पण १२०० म्हणजे सरळ निम्मंच झालं.

एवढं लागतं कारण आत बांधकाम चालू असतं. उंची, स्नायू, रक्त, हाडं. मुलींच्या हाडांचा सुमारे ९० टक्के साठा १८ वर्षांपर्यंत तयार होतो. घर बांधताना पैसे कमी पडले तर आपण काय करतो? वीजबिल भरतो आणि गवंड्याला थांबायला सांगतो. शरीरही तेच करतं. हृदय, मेंदू चालू ठेवायचे, बाकीची कामं थांबवायची. मेंदूकडून संदेश कमी झाले की इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते आणि हाडांची भरणीही मंदावते. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही. काटा फक्त आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात.

आणि डोक्याचं काय होतं? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. रोज साधारण १६०० कॅलरी. ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजायची आणि डोक्यात दिवसरात्र जेवणाचेच विचार. ही वाढ पूर्ण झालेली माणसं होती. आणि आपण नववीतल्या मुलीने १२०० वर बीजगणित सोडवावं अशी अपेक्षा करायची!

मग वजन खरंच जास्त असेल तर काय, मुलांनी काहीच करायचं नाही? करायचं की! पण ते जास्त आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील, मामा नव्हे. वयात येताना मुलींच्या अंगात थोडी चरबी वाढणं हे ठरलेलंच आहे. वजन जास्त असलं तरी बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते आहे तिथे रोखून धरलं आणि उंची वाढू दिली, तरी पुरतं. कोल्ड्रिंक, वेफर्स, बिस्किटं कमी करा. पोळी, वरण, उसळ, दूध, अंडी यांना हात लावू नका. संध्याकाळी खेळायला सोडा, रात्री वेळेवर झोपू द्या. जेवण गाळणे हा उपाय नाही.

असो. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तूच एकटा नाही रे मामा, सगळेच म्हणतात." हे ऐकून जास्तच वाईट वाटलं.

डॉक्टरांचं ऐकून ती आता नीट जेवते. ॲप उडवलंय. डबा रिकामा येतो, आणि ताईने खात्री करून घेतलीय, पोळ्या तिच्याच पोटात जातात. यंदाच्या गणपतीत मी मोदक वाढणार आहे, तोंड बंद ठेवून. तुमच्याकडेही अशी एखादी भाची-पुतणी असेलच. तुम्हीही तेवढं कराच.