पाणी नेमके किती द्यावे?

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या घरी पहिल्याच दिवसापासून एक सूचना पाळली जाते : ‘भरपूर पाणी पाजा.’ मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा व बद्धकोष्ठता टाळण्यासाठी ती हिताचीच असते. परंतु ‘भरपूर’ म्हणजे किती, हे आपण डॉक्टरांना विचारले आहे का?

रक्तात सोडियमचे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असावे. मज्जारज्जूच्या, विशेषतः मानेतील इजेत रक्तदाब कमी राहतो. त्यामुळे शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक अधिक स्रवू शकते. मग प्यालेले पाणी पुरेसे बाहेर पडत नाही आणि सोडियम विरळ होते. अशा वेळी उणीव मिठाची नसते, पाणीच अधिक झालेले असते. कार्बामाझेपिन, थायाझाइड प्रकारच्या लघवीच्या गोळ्या, रात्रीची लघवी कमी करणारे डेस्मोप्रेसिन आणि नैराश्यावरील काही औषधे यांनीही सोडियम घटते. तरीही कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, असंबद्ध बोलणे ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका; त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. झटके आले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल आणि एकाएकी ठणकणारी डोकेदुखी सुरू झाली, तर रक्तदाब अतिशय वाढलेला असू शकतो. रुग्णाला बसते करा, लघवीची नळी मुडपली नाही ना ते पाहा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवा.

घरच्या घरी मीठ-पाणी पाजणे हा यावर उपाय नव्हे. काहींना पाणी कमी करावे लागते, तर काहींना मीठ द्यावे लागते. निर्णय रक्त व लघवीच्या तपासणीवरूनच होतो. रुग्णालयातही सोडियम सावकाश, सामान्यतः २४ तासांत ८ एककांच्या मर्यादेत वाढवतात. घाईने वाढवल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर सबुरीने घेत असतील, तर आपणही धीर धरावा.

आजपासून एक वही ठेवा. पाण्याबरोबर चहा, ताक, सूप यांचेही माप लिहा. लघवीचे माप आणि औषधांची यादी त्यातच असू द्या. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि पाण्याची मर्यादा आकड्यांत लिहून घ्या. मायेने दिलेला प्रत्येक पेला हितकर ठरावा, यासाठी एवढे पुरेसे आहे.